गुडगुडीचं कार्ड

कुसुमताईंनी कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्या म्हणाल्या, "शालिकराव, हे एक कार्ड दिवाळीपासून तुमच्याकडे अडकून आहे. 'ग' कधीच छापायला जायला हवा होता." कार्डावर शब्द होता गुडगुडी. त्याखाली माझ्याच अक्षरात 'स्त्री. तंबाखू ओढण्याचे पाण्याचे साधन' एवढंच. व्युत्पत्ती कोरी, उदाहरण कोरं. "सोपा तर शब्द आहे," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही स्वतः विणकरांच्या घरातले. आज अकराला उमरेडहून एक म्हातारे विणकर येणार आहेत, मागावरचे शब्द सांगायला. त्यांनाच विचारून घ्या. देवाजी म्हणून आहेत." मी टाक उचलला होता. निब कार्डातून आरपार गेलं आणि खालच्या टेबलाच्या रेक्झिनमध्ये रुतलं. कुसुमताईंना वाटलं, निब खराब आहे. त्यांनी मला दुसरं आणून दिलं.

देवाजी नावाची माणसं उमरेडला पन्नास असतील. असं मी स्वतःला सांगितलं. खिडकीतल्या कूलरमधून वाळ्याचा ओला वास येत होता, एप्रिल सुरू झाला होता, अकरा वाजायला अर्धा तास होता. मी पंधरा वर्षं या कोशाच्या कचेरीत शब्दांची कार्डं लिहितो. लोक समजतात, हे थंड डोक्याच्या माणसाचं काम. माझं डोकं थंड नाही. सायकलरिक्षा अंगावर घातली म्हणून सीताबर्डीवर एका रिक्षेवाल्याचं नाक मी फोडलेलं आहे. घरात काचेचं भांडं उरलेलं नाही, आणि सुभद्रेच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डाव्या कानाला ऐकू कमी येतं. का, ते शेजारपाजाऱ्यांना माहीत आहे आणि कचेरीत कुणालाही माहीत नाही. इथे मी शालिकराव. हळू बोलणारा, ज्याचं अक्षर मोत्यासारखं आहे असा. मला माझ्या हाताची भीती वाटते हे मी इथे सरळच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं हातांबद्दलच आहे.

आमचं घर गोळीबार चौकाच्या मागे, टिमकी वस्तीच्या तोंडाशी. घर म्हणजे दोन खड्डामाग, आणि मागांमधून उरलेल्या जागेत आम्ही. माझा बाप धोंडबा लुगडी विणायचा. ताणा, म्हणजे उभे धागे, विणायला घेण्याआधी त्याला खळ लावावी लागते. भल्या सकाळी तो गल्लीभर ताणायचा आणि दोन टोकांनी दोन माणसांनी कुंचे फिरवत एकमेकांकडे चालत यायचं, ही पांजणी. पांजणीला जोडीदार लागतो आणि तो चुकला तर ताण्याचा सत्यानाश होतो. बापाचा जोडीदार देवाजी. तो इंदोऱ्याचा, म्हणजे अस्पृश्यांच्या वस्तीतला, त्याच्या घरीही माग, हात असा की खळ सुकण्याआधी एकेक धागा मोकळा झालेला असायचा. आमच्या जातीतले दहा जण जोडीला तयार असताना बाप पहाटे इंदोऱ्याला जाऊन देवाजीला घेऊन यायचा. ताणा उन्हात वाळेपर्यंत दोघं ओट्यावर बसायचे, आणि गुडगुडी निघायची.

नारळाची अख्खी करवंटी, घासून घासून काळी कुळकुळीत केलेली, आत अर्ध्यापर्यंत पाणी. वर शिसवी लाकडाची हातभर नळी, पितळेच्या कड्या घातलेली, तिच्या डोक्यावर मातीची चिलीम. करवंटीच्या पोटाला भोक, तिथे तोंड लावून ओढायचं. बाप असा ओढायचा. मग तो वरची चिलीम उतरवून देवाजीपुढे ओट्यावर ठेवायचा. देवाजी ती उचलायचा, बुडाला ओलं फडकं गुंडाळायचा, मुठीत धरून मुठीतून ओढायचा. विस्तव एक, तंबाखू एक, धूरही एकच. पण पाणी एक नाही. धुराला बाट नाही, पाण्याला आहे, हा आमचा कायदा, आणि तो इतका अंगवळणी पडलेला की त्यात कुणी कुणाचा अपमान करतो आहे असं कुणालाच वाटत नसे. मलाही नाही. मी वीस वर्षांचा होतो, कॉलेजात जात होतो, आणि दोघांचं बघत ओट्याच्या कडेला पुस्तक घेऊन बसलेला असायचो.

मग छप्पन सालचा दसरा झाला. लाखो माणसं शहरात आली, बुद्धाची दीक्षा घेऊन आपापल्या गावी परत गेली. दीक्षा घेणाऱ्यांत देवाजीही होता, तो चार दिवस पांजणीला आलाच नाही. पाचव्या दिवशी आला तो पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. बापानं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. पांजणी झाली. ओट्यावर बसल्यावर बापानं दोन झुरके घेतले आणि चिलीम न उतरवता अख्खी गुडगुडी त्याच्यापुढे धरली. देवाजी हात मागे घेऊन म्हणाला, "हे काहून?" बाप म्हणाला, "अबे, आता तं तुही जातच गेली ना? मंग कायले लाजतं? घे पान्यासकट." देवाजी इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्यानं करवंटीला तोंड लावलं आणि पाणी बोललं. तो आवाज रोजचाच होता, पण मी पुस्तक मिटलं. माझ्या बापाबद्दल मला आयुष्यात एकदाच अभिमान वाटला असेल तर त्या सकाळी. त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं मात्र नाही. आमच्या घरात असलं काही करायची पद्धत नव्हती.

अभिमान मनात ठेवता येत नाही हा माझा दोष. सत्तावन्नच्या जानेवारीत महाल भागातल्या एका वाचनालयात वक्तृत्वाची स्पर्धा झाली. मी उभा राहिलो आणि गुडगुडीवर बोललो. आमच्या संस्कृतच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितलेलं मला पाठ होतं. हुक्का शब्द अरबी, त्याचा मूळ अर्थ डबी. गुडगुडी हे नाव नुसत्या आवाजावरून. पण इराणात आणि पार तुर्कस्तानात तिला म्हणतात नारगील, आणि ते नाव आपलं, संस्कृत नारिकेल, म्हणजे नारळ. मी हात उंचावून म्हणालो, आमच्या किनाऱ्यावरचा एक नारळ जग फिरला, बादशहांच्या ओठांना लागला, आणि वाटेत त्याला कुणीही जात विचारली नाही. मग आवाज खाली आणला, तेव्हा मला ते जमत असे, आणि सांगितलं की माझ्या घरच्या ओट्यावरही तो नारळ आता जात विचारत नाही, माझे वडील धोंडबा आणि त्यांचे मित्र देवाजी एकाच पाण्यातून ओढतात. टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस मला. बक्षीस घेताना मला तिसऱ्या रांगेत आमच्या पंचांचा, आनंदरावांचा, मुलगा बसलेला दिसला. तोही टाळ्या वाजवत होता.

चौथ्या दिवशी पंच बसले, आमच्याच गल्लीत, दुपारी चार वाजता. त्या दिवशी पांजणी नव्हती तरी देवाजीला निरोप धाडून बोलावलं होतं आणि तो आला होता. पंचांच्या सतरंजीपासून लांब, उघड्या जमिनीवर बसला होता. काय ठरलं आहे ते आनंदरावांनी मोठ्यानं सांगितलं. बाटलेली गुडगुडी घरात राहू शकत नाही. ती फोडायची, आणि ज्याच्यामुळे बाटली त्याच्या अंगावर फोडायची, सगळ्यांच्या देखत. मग धोंडबाचं घर मोकळं. बाप घरातून गुडगुडी घेऊन बाहेर आला. मी दारातच उभा होतो. तो माझ्या अंगाला घासून गेला, मनात आणलं असतं तर मी त्याचं मनगट धरू शकलो असतो, माझ्या हातात तेव्हा त्याच्या दुप्पट ताकद होती. देवाजी हलला नाही. हात वर केले नाहीत, मान मागे घेतली नाही, उलट जराशी पुढेच केली. ते मला तेव्हा समजलं नाही. बापानं नळीला धरून करवंटी त्याच्या डोक्यावर हाणली. करवंटी फुटली, पिवळंकाळं पाणी देवाजीच्या तोंडावरून पांढऱ्या सदऱ्यावर ओघळलं, तंबाखूचा आंबूस वास गल्लीभर सुटला. आनंदराव म्हणाले, "झालं. पुरे." ते सगळ्यांनी ऐकलं. बापाच्या हातात नळी तेवढी राहिली होती. त्यानं ती पुन्हा उचलली आणि हाणली. देवाजी तेव्हाच आडवा झाला होता, त्याला काही कळत नव्हतं. बापानं ती आणखी एकदा उचलली. पितळेची कडी लागून कातडी फाटली त्याचा आवाज लुगडं टराटरा फाडावं तसा आला. पंच उठून उभे राहिले. बाई कोणीतरी ओरडली, बहुतेक माझी आई.

मी बापाचं तोंड पाहत होतो. त्यावर राग असता तर मी सुटलो असतो. ओठ घट्ट मिटलेले, डोळा बारीक केलेला, तुटलेला धागा सांधताना असायचं तसं तोंड. हे तोंड मी लग्नानंतर चार वर्षांनी पुन्हा पाहिलं, आमच्या स्वैंपाकघरातल्या आरशात, सुभद्रेच्या मागे उभा असताना. पहिली थप्पड काहीतरी कारणानं बसते, भाजीत मीठ, उशीर, उलट उत्तर. दुसरीला कारण लागत नाही. हात एकदा सुटला की त्याला गोडी लागते, आणि तेवढा वेळ माणूस अगदी शांत असतो. हे मला कुठल्या पुस्तकात वाचावं लागलेलं नाही.

देवाजीला इंदोऱ्याची माणसं खाटेवर घालून घेऊन गेली. पोलीस आले नाहीत, कुणी बोलावलेच नाहीत. घरात शिरताना बाप माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "तुह्या तोंडानं झालं हे. भाषन देत होता ना?" एवढंच. त्यानंतर तो बारा वर्षं जगला आणि या विषयावर एक शब्द बोलला नाही. मी भाषणं सोडली. पुढे शिकलो, पण बोलायचं नसलेलं काम शोधलं, ते इथे मिळालं. शब्द लिहायचे, म्हणायचे नाहीत. एकवीस वर्षं मी हे वाक्य पोटात घेऊन हिंडतो आहे. माझ्या तोंडानं झालं. रिक्षेवाल्याला मारलं तेव्हा मी खरं म्हणजे स्वतःचं तोंड फोडत होतो, अशी माझी मी समजूत घालून घेतली आहे. सुभद्रेच्या बाबतीत तीही घालता येत नाही.

बरोब्बर अकराला तोच देवाजी दारात उभा राहिला. धोतर, खादीची टोपी, हातात कापडी पिशवी, साठीच्या पुढचा, वाळलेला. मी खुर्चीतून अर्धा उठलो. मला पळायचं होतं, आणि त्याच वेळी टेबल उचलून त्याच्या अंगावर घालावं, त्याचं तोंड कायमचं बंद करावं असंही माझ्या हाताला वाटलं, हेही लिहितो. त्यानं मला ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं. कुसुमताईंनी त्याला पाणी दिलं, समोर बसवलं आणि मागाचे शब्द विचारायला लागल्या. त्यानं पांजणी उभं राहून करून दाखवली. दोन हात हवेत फिरवत तो त्या खोलीत भिंतीपासून माझ्या टेबलापर्यंत चालत आला. जोडीदाराशी जिथे गाठ पडायची तिथे, माझ्यापुढे, थांबला. मी लिहीत होतो. अक्षर मोत्यासारखं येत होतं.

"आणि गुडगुडी?" कुसुमताईंनी विचारलं. "हे नाव कशावरून पडलं असेल, बाबा?"

"गुडगुड करते म्हून गुडगुडी," तो म्हणाला आणि हसला. "चिमनी चिवचिव करते तं का तिले हत्ती म्हनाव?"

कुसुमताई खूश झाल्या. मग त्या स्वतःच सांगायला लागल्या की इराणात तिला नारगील म्हणतात आणि ते नाव आपल्या नारळाचं. माझीच वाक्यं. म्हातारा मान हलवत ऐकत होता. मला एक गोष्ट इतक्या वर्षांत कधी सुचली नव्हती ती तेव्हा सुचली. कुणी तिचं नाव आवाजावरून ठेवलं, कुणी डबीवरून, कुणी नारळावरून. ज्या पाण्यावरून माणसं फुटली त्या पाण्याचं नाव तिला आमच्याकडे कुणी दिलं नाही. वक्तृत्वात हे वाक्य चाललं असतं. तेवढ्यात शिपाई आला, कुसुमताईंचा फोन होता, दिल्लीहून. "शालिकराव, तुम्ही पुढचं घ्या," म्हणून त्या गेल्या.

दार लागल्यावर देवाजी म्हणाला, "धोंडबाचा शालिक ना तू?"

"हो."

"जवळ ये. डाव्या कानानं मले आयकू येत नाई."

मी खुर्ची त्याच्या उजव्या बाजूला नेली. माझ्या तोंडून ते बाहेर पडायला अर्धं मिनिटही लागलं नाही, इतकं ते तयार होतं. "काका, तेव्हा जे झालं ते माझ्यामुळे झालं. मी भाषणात बोललो. पंचांच्या पोरानं ऐकलं." बोलताना मी त्याच्या पायांकडे पाहत होतो. काहीतरी होईल, तो थुंकेल, मारेल, निदान रडेल, आणि मी सुटेन असं मला वाटत होतं.

"कोनतं भाषन?" तो म्हणाला.

मी सांगितलं, महालातलं.

"त्याच्याशी का आहे त्याचं? तुहा बाप तं पुसाच्या पुनवेलेच आनंदरावाकडे जाऊन आला होता. सोताच. गोपिकेची सोयरीक भिवापूरले जुळली होती ना? तिकडून कुजबुज आली. त्यानं पाह्यलं, आज ना उद्या पंच बलावतेच. तं आधीच जाऊन कबूल झाला."

गोपिका माझी धाकटी बहीण. त्या फाल्गुनात तिचं लग्न झालं, तिला तीन लेकरं आहेत. पौषाची पौर्णिमा माझ्या भाषणाच्या आधी आठवडाभर होती. मी मनात ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. दरवेळी आधीच येत होती. तुह्या तोंडानं झालं, बापानं दारात थांबून, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं. तो मेला तेव्हा मी त्याला खांदा दिला होता. आता तो समोर असता तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून मी बसलो.

"तुम्हाले कोणी सांगितलं?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझी बोली आपोआप परत आली.

"त्यानंच. आदल्या दिवशी सांजच्याले घरी आला माह्या. रडत होता. म्हने, देवाजी, उद्या साऱ्याइच्या समोर तुले एक मारा लागते. करवंटी नरम आहे, फुटून जाईन, हलकीच मारतो, तू फक्त बसून राय. म्या म्हनलं, पोरीचं लगन होते तं मार बावा एक. एका करवंटीनं का मरतो मी?" त्यानं पिशवीतून फडकं काढून तोंड पुसलं. "म्हून तं मान पुढे केली. नेमका निशाना लागला पाह्यजे ना त्याचा."

कूलरची मोटर घरघरत होती. बाहेर कुणीतरी कुणाला जेवायला चला म्हणत होतं.

"मंग उमरेडले गेलो मी, सासुरवाडीले. तो यायचा. दर सालाले एकदा, सुताच्या निमित्तानं. बसे. चहा पिये. आन् जाताना म्हने, देवाजी, एकच मारली गा, पन हात घसरला." त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे पाणीदार होते पण ते वयाचं पाणी होतं. "मी तं पह्यल्याच फटक्यात बेहोस. तू दारात होता. तू पाह्यलं. एकच मारली ना त्यानं?"

या प्रश्नासाठी तो उमरेडहून एसटीनं आला होता. मागाचे शब्द सांगायला नाही. कुणाकडून तरी त्याला कळलं असणार की या कचेरीत मी असतो. आणि मला खरं सांगायचं होतं, शपथेवर सांगतो, जिभेवर आलं होतं. पण ते सांगितलं म्हणजे दुसरा फटका कशानं बसतो तेही सांगावं लागलं असतं, आणि ते मला बापापेक्षा बरं माहीत होतं. म्हाताऱ्याला एवढं तरी राहू दे, असं मी स्वतःशी म्हणालो. त्याच्यावर दया करतो आहे असं वाटून मला बरंही वाटलं.

"एकच," मी म्हणालो. "एकच मारली, काका."

देवाजीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मांडीखाली दाबलेला माझा उजवा हात ओढून बाहेर काढला. त्याच्या बोटांत अजून विणकराचा जोर होता. तो हात त्यानं आपल्या पांढऱ्या, विरळ केसांत ठेवला आणि बोटं दाबून धरली.

"मोज," तो म्हणाला.

कपाळाच्या वर एक जुनी रेघ होती, बारीक, करवंटीची. तिच्या मागे बोट आत जाईल अशी खोक. तिच्याही मागे, कानाकडे उतरणारी, आणखी एक, कडीची, कडेनं गोल. माझं बोट तिथे थांबलं. मला ते काढून घ्यायचं होतं, तो काढू देत नव्हता.

"तीन," मी म्हणालो.

त्यानं माझा हात सोडला आणि टोपी घातली. "तुहा बाप मरेपर्यंत एकच म्हने. मी म्हनो, हो बावा, एकच. कोनीतरी आपल्या तोंडानं तीन म्हनाव, एवढंच होतं."

"म्हणजे तुम्हाले पहिल्यापासून माहीत होतं?"

"डोकं माहंच होतं ना गा," देवाजी म्हणाला.